भुताचा चेहरा तिघांचा असतो

४ जानेवारी

मामा,

नमस्कार वाकून केला असं समजा. खुर्चीवर बसून बसून कंबर धरली आहे, त्यामुळे खरोखर वाकता येत नाही. फोनच करणार होते, पण गेल्या वेळी मी जेवलात का विचारलं आणि तुम्ही दहा मिनिटं गुडघ्याबद्दल बोललात. तेव्हा पत्रच बरं.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. घर आवरायला घेतलं आहे. आत्या मदतीला येते, म्हणजे येते, एकेक वस्तू हातात घेऊन डोळे पुसते आणि परत जागेवर ठेवते. या वेगाने पुढच्या वर्षी कपाटापर्यंत पोचू.

काम असं आहे. मला एका भुताच्या सिनेमाचं पोस्टर मिळालं आहे. आजवर प्रेमकथा केल्या, दोन विनोदी केले, भूत पहिल्यांदाच. गेलेली बाई आपल्या घरी परत येते, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक तरुण आहे, म्हणतो हवं ते कर. वितरक म्हणतो, भुताचा सिनेमा आहे हे वीस पावलांवरून कळलं पाहिजे, नाहीतर लोक कौटुंबिक समजून मुलंबाळं घेऊन येतील आणि खुर्च्या मोडतील. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, मधल्या मध्ये माझं भरीत.

तुम्ही थिएटरचे बोर्ड रंगवण्यात अर्धं आयुष्य घातलंत. भुताच्या पोस्टरचे नियम काय असायचे, ते सगळे लिहा. सगळे पाळीन असं नाही. पण मोडायचे तरी आधी माहीत हवेत.

तुमची,
ठकू


९ जानेवारी

चि. ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. तुझं पाकीट एका कडेला ओलं होऊन आलं. पोस्टमनला विचारलं तर म्हणाला, आजोबा, पोचलं ना? पोचलं, पण कोणी उघडून वाचलं असेल तर? तू असं काही वाचण्यासारखं लिहिलं नव्हतंस, तरी मला झोप लागली नाही. यापुढे पाकिटाला कडेनं चिकटपट्टी लाव.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही ढकलत ढकलत. लिहिण्यात चूक झाली तर तूच सुधारून घे.

भुताच्या बोर्डाचं असं असायचं. उजेड खालून. माणसाला आपण रोज वरून उजेड पडलेला बघतो, म्हणून खालून पडला की ओळखीचं तोंडसुद्धा परकं दिसतं. हनुवटीखाली हिरवा, गालांच्या खोबणीत निळा, आणि लाल फक्त अक्षरांना, दुसरीकडे कुठे लाल लावलास तर तो मारामारीचा सिनेमा होतो. बुबुळाच्या खाली पांढरा जास्त दाखवायचा. डोळे अगदी समोर ठेवायचे, म्हणजे रस्त्यावरून माणूस कुठूनही चालला तरी त्याला वाटतं आपल्याकडेच बघतंय. केस मोकळे, पोशाख पांढरा. पाय दाखवायचे नाहीत. मागे लहानसं घर आणि एकाच खिडकीत दिवा. हिरो कोपऱ्यात, मुठीएवढा, हातात बॅटरी. अक्षरं ओघळलेली, पण नाव वाचता आलं पाहिजे, नाहीतर मॅनेजर शिव्या घालतो.

आणि ऐक. एका बोर्डात एकच नियम मोडायचा. एक मोडला तर लोक म्हणतात पेंटर हुशार आहे. दोन मोडले तर म्हणतात पेंटरला येत नाही.

अजून एक नियम आहे. तो तुला लागणार नाही, तुमचं सगळं मशिनवर.

बाबांच्या कपाटातलं काय काय निघतं ते जपून बघ. जुने कागद फाटतात. नाहीतर असं कर, कपाट तसंच राहू दे. घाई काय आहे?

तुझा मामा


१५ जानेवारी

मामा,

चिकटपट्टी लावली आहे, कडेनं, दोन पदरी. आता पाकीट उघडताना तुम्हीच मला शिव्या घालाल.

सोबत पहिला नमुना. तुमचे सगळे नियम पाळले आहेत, हिरवा, निळा, खिडकी, बॅटरी, सगळं. वितरक बेहद्द खूश. मी मात्र तो भिंतीला लावून चहा प्यायले, आणि चहा संपेपर्यंत मला एकदाही भीती वाटली नाही. आत्या म्हणाली, हिला सर्दी झाल्यासारखी वाटते.

तेव्हा एक नियम मोडायचा ठरवला. उजेडाचा. भूत भर दुपारी दाखवायचं. उजेड वरून, स्वच्छ, आपण रोज बघतो तसा. अंगणाच्या दारात बाई उभी आहे आणि ती हसते आहे, घरी आल्यावर माणूस हसतं तशी. बाकी सगळं तुमच्या कायद्याप्रमाणे: डोळे समोर, पाय नाहीत, अक्षरं ओघळलेली. दिग्दर्शकानं ऐकूनच हो म्हटलं.

अडलं होतं चेहऱ्यावर. नट्यांचे चेहरे लोकांना पाठ असतात, त्यांची भीती कोण धरणार? आणि काल कपाटाच्या तळाशी, बाबांच्या जुन्या कोटाच्या आतल्या खिशात, आईचा फोटो मिळाला. माझ्याकडे आईचा एकच फोटो आहे, लग्नातला, त्यात ती खाली बघते. या फोटोत ती समोर बघून हसते आहे. मामा, मी पहिल्यांदा आईचे डोळे पाहिले.

फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखल्या आहेत, बारीक, सारख्या. फोटो मोठा करून उतरवायच्या असतात त्या, पेंटरच्या भाचीला ते कळतं. तुम्ही आईचं चित्र काढलं होतं, आणि मला कधी सांगितलं नाही. कुठे आहे ते? मला हवं आहे.

आणि चेहरा मिळाला. आईचाच घेते. नमुना पुढच्या पत्रात पाठवते. तो राहिलेला नियमही लिहा, अर्धवट सांगून माणसाला टांगून ठेवायची तुमची सवय वाईट आहे.

ठकू


१९ जानेवारी

चि. ठकू,

तुझं पत्र आज अकराला मिळालं आणि मी लगेच लिहायला बसलो आहे, भात गॅसवर तसाच आहे.

आईचा चेहरा घेऊ नकोस. राहिलेला नियम तोच आहे. भुताचा चेहरा कधी एका माणसावरून काढायचा नाही. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, भुताचा चेहरा तिघांचा. डोळे एकाचे, तोंड दुसऱ्याचं, हनुवटी तिसऱ्याची. म्हणजे तो कोणाचाच राहत नाही. रस्त्यावर कोणी बोट दाखवून म्हणू शकत नाही की ही अमकी. आम्ही सगळे पेंटर हे पाळायचो. तू तीन मुली शोध, नाहीतर मासिकातून घे. मशिनवर तर जोडकाम दिसतही नसेल.

दुपारच्या उजेडाची कल्पना चांगली आहे. फार चांगली आहे. पण कागदावरचा रंग उन्हात उडतो, पांढऱ्यावर पांढरं जातं, त्याचाही विचार कर. कदाचित ती कल्पनाच सोडून दे. पहिला नमुना मला बरा वाटला, सर्दीचं आत्यांना काय कळतं?

चित्राचं विचारलंस. ते आता नाही. आमची बोर्डाची कापडं वरून पांढऱ्या रंगाचा हात देऊन पुन्हा वापरायची असत.

फोटो नीट ठेव. नाहीतर माझ्याकडे पाठवून दे.

भात करपला.

मामा


२४ जानेवारी

मामा,

नमुना सोबत आहे. बघा आणि मग बोला.

तुमचा नियम मी तीन वेळा वाचला. तो परक्या माणसासाठी आहे. कोणाची बदनामी होऊ नये म्हणून. इथे बदनामी कोणाची? आईला जाऊन चौतीस वर्षं झाली, तिला ओळखणारी आपण चार माणसं. आणि मी तिला भेसूर करत नाही. मी तिला घरी आणते आहे. दिग्दर्शकानं नमुना पाहिला आणि एवढंच म्हणाला, हिच्यासाठी दार उघडावंसं वाटतं आणि तेच वाईट आहे. याहून मोठी शाबासकी मला कोणी दिली नाही.

तुम्हाला उगाच वाटत असेल की भाची आपल्यापुढे जाते, तर तसं नाही. हे तुमच्याचकडून आलं आहे.

पण तुम्ही काहीतरी लपवता आहात. भात करपवून पत्र लिहिणारा माणूस रंग उन्हात उडतो म्हणून लिहीत नाही. बाबाही असेच. मी लहानपणापासून विचारत आले, मामाशी तुम्ही का बोलत नाही? ते म्हणायचे, बोलण्यासारखं काही नाही. मला तुमच्याकडे सोडायचे आणि कोपऱ्यावरूनच परत फिरायचे. तीस वर्षं.

छपाई ५ फेब्रुवारीला आहे. नको म्हणायचं असेल तर कारण सांगा. खरं कारण.

ठकू


२७ जानेवारी

ठकू,

हे पत्र मी स्वतः जाऊन मोठ्या पोस्टात टाकणार आहे. इथल्या पेटीतून काढून घेता येतं.

तुझा नमुना मी एकदा पाहिला आणि पालथा ठेवला. तो हुबेहूब झाला आहे. तू हसू ठेवलंस. मी ते काढून टाकलं होतं.

तू चार वर्षांची होतीस. चौकातल्या थिएटरला भुताचा सिनेमा लागणार होता. कंपनीकडून फोटोंचं पाकीट आलं, त्यात हिरो होता, घर होतं, पण भुताच्या बाईचा फोटोच नव्हता. विसरले की मुद्दाम, देव जाणे. मंगळवार झाला होता आणि सिनेमा शुक्रवारी. पंचवीस फुटी बोर्ड. मी नेहमीसारखा तिघांचा चेहरा जुळवत होतो, पण डोळे बसत नव्हते. मेलेल्या माशासारखे दिसायचे.

तेवढ्यात तुझी आई डबा घेऊन आली, तू कडेवर. मी तिला धाकटी म्हणायचो, घरात सगळेच म्हणायचे. ती शेडच्या दारात उभी राहिली, डोळे मोठे करून त्या अर्ध्या बोर्डाकडे बघत. मी म्हटलं, अशीच थांब. तेच डोळे मला हवे होते. तिचा फोटो माझ्याकडे होता. त्यावर चौकटी आखल्या, कापडावर हातभर हातभर चौकटी आखल्या, आणि एकेक चौकट उतरवत गेलो. तोंडाचे कोपरे खाली ओढले, खालून हिरवा दिला, बुबुळाखाली पांढरा वाढवला. बाकी सगळी ती. तिनं पाहिलं तेव्हा हसली. म्हणाली, दादा, एवढी वाईट दिसते का रे मी? मी म्हटलं, कोणी ओळखणार नाही.

शुक्रवारी बोर्ड चढला आणि रविवारपर्यंत लोकांनी ओळखली. आधी थट्टा. वाणी म्हणाला, आज भूत साखर न्यायला आलं. तिनंही हसून घेतलं. मग मुलं मागे पळायला लागली. मग शेजारच्या एका बाईचं मूल आजारी पडलं आणि ती म्हणाली, हिनं त्याच्याकडे पाहिलं होतं. तिथून थट्टा संपली. लोक आधी वर बोर्डाकडे बघायचे, मग तिच्याकडे, आणि रस्ता सोडायचे. लोकांना दोष देत नाही, ते डोळे कुठूनही चाललं तरी बघायचे, मीच तसे काढले होते. तिनं दिवसा बाहेर पडणं बंद केलं.

मग तिला ताप आला. तुला घरच्यांनी सांगितलं की तापानं गेली. ते खरं आहे. पण दवाखान्याचा रस्ता चौकातून होता. तुझे बाबा सकाळीच गाडी घेऊन आले, आणि ती म्हणाली, अंधार पडू दे, मग जाऊ. ते चिडले, समजावलं, उचलून नेतो म्हणाले. तिनं दाराची कडी धरून ठेवली. शेवटी ते तिच्याशेजारी बसून राहिले. दिवस मावळला तेव्हा तिला शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, सकाळी का नाही आणलंत?

आठ दिवसांनी तुझे बाबा माझ्याकडे आले आणि तिचा फोटो मागितला. मी दिला. चौकटी खोडायचंही सुचलं नाही. त्यांनी तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला, आतल्या खिशात ठेवला आणि गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्या कापडाला मी पांढरा हात दिला आणि दुसरा सिनेमा रंगवला. हवा दमट झाली की हिरोच्या छातीवर दोन डोळे उमटायचे. मॅनेजर म्हणायचा, पांढरा पातळ झालाय. मी तीन हात दिले, चार दिले, रंग घट्ट बसावा म्हणून सरस वाढवला. तरी यायचे. शेवटी मी धंदाच सोडला. तुम्हाला सांगितलं की हात कापतो.

कामाची घाई होती, फोटो आला नाही, म्हणून हे झालं. पण झालं. तिला पुन्हा चौकात लावू नकोस.

मामा


६ फेब्रुवारी

चि. ठकू,

माझं २७ तारखेचं पत्र मिळालं का? मोठ्या पोस्टात चौकशी केली. खिडकीवरची बाई म्हणाली, गेलं असेल. असेल म्हणजे काय, मी विचारलं, तर मागचा माणूस म्हणाला, आजोबा, सरका.

काल पाच तारीख होती. छापून झालं असेल तर तसं लिही. नसेल तरी लिही. काहीच लिहायचं नसेल तर कोरा कागद पाकिटात घालून पाठव, म्हणजे तू बरी आहेस एवढं कळेल.

मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं होतं. छपाई थांबवली. आईचा चेहरा काढला. वितरकाला सांगितलं की चेहऱ्याच्या मालकिणीची परवानगी नाही.

पंधरा दिवस तुमचं पत्र टेबलावर पडून होतं आणि मी दुसऱ्या खोलीत काम करत होते. काय लिहावं हे मला अजून कळलेलं नाही, तेव्हा कामाचंच लिहिते.

पोस्टर नवीन केलं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं: लोक आधी वर बघायचे, मग तिच्याकडे. आजवरच्या सगळ्या पोस्टरांत भूत लोकांकडे बघतं. मी भूतच काढून टाकलं. आता पोस्टरमध्ये फक्त माणसं आहेत, भर दुपारी रस्त्यात थांबलेली चाळीसेक साधी माणसं, हातात पिशव्या, सायकली, आणि सगळी मान वर करून पोस्टर बघणाऱ्याकडे बघताहेत. डोळे समोर, बुबुळाखाली पांढरा, कुठूनही चाललं तरी पाठ सोडत नाहीत. अक्षरं ओघळलेली. उजेडाचा नियम भुतासाठी, आणि तेच नाही, तेव्हा मोडलेला नियम एकच, भूत नाही. वितरक म्हणाला, भूत कुठे आहे? दिग्दर्शक म्हणाला, तुम्ही उभे आहात तिथे. वितरक एक पाऊल बाजूला सरकला. मग हो म्हणाला.

आता एक विचारते. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, तो सिनेमा चार आठवडे चालला. आई सिनेमा लागल्यापासून सात महिन्यांनी गेली. दर शुक्रवारी सिनेमा बदलतो आणि बोर्डही बदलतो, हे मला लहानपणापासून तुम्हीच सांगत आलात. मग त्या सकाळी चौकात तो बोर्ड काय करत होता?

ठकू


१८ फेब्रुवारी

ठकू,

हा प्रश्न तुझ्या बाबांनीसुद्धा विचारला नाही. त्यांना उत्तर माहीत होतं म्हणून असेल.

चार आठवड्यांनी सिनेमा उतरला. पुढच्या सिनेमाचे छापील कागद कंपनीकडूनच आले, ते दर्शनी भिंतीवर लागले, आणि चौकाच्या बाजूची चौकट मोकळी राहणार होती. मॅनेजर म्हणाला, कापड काढून ने. मी म्हटलं, असू दे थोडे दिवस.

तो बोर्ड माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं. बाहेरगावचे पेंटर बघायला यायचे. खाली उभे राहून डोळ्यांबद्दल बोलायचे. एकानं तर मला विचारलं, पांढऱ्यात काय मिसळता? मी रोज संध्याकाळी घरी जाताना मुद्दाम तिकडून जायचो. कडा सुटल्या तेव्हा मी वर चढून पुन्हा ठोकल्या. रंग उतरला तिथे पुन्हा हात फिरवला.

धाकटी माझ्याकडे दोनदा आली. पहिल्यांदा म्हणाली, दादा, काढ ना ते. मी म्हटलं, येत्या शुक्रवारी. असे किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. दुसऱ्यांदा दिवेलागणीला आली, डोक्यावरून पदर ओढून, तुझा हात धरून. तुला आठवत नसेल. तू शेडमधल्या ब्रशांशी खेळत होतीस. ती भांडली नाही. म्हणाली, "बोर्ड राहू दे. चेहऱ्यावर तेवढा पांढरा हात फिरव."

मी तिला म्हटलं, "चेहऱ्याशिवाय त्यात आहे काय?"

तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. मग तुला हाक मारली आणि गेली. दीड महिन्यानं ताप आला.

घाई होती, फोटो आला नाही, हे मागच्या पत्रात लिहिलं ते खरं आहे. पण त्या चुकीनं माणूस मेलं नसतं. बोर्ड राहू दिला ते झाकायला मी ती चूक पुढे केली, इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा.

तुला पोस्टरमध्ये बघणारी माणसं हवीत. मी इथल्या फोटोवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, मान वर करा, वर काहीतरी आहे असं समजा. मला जमेना. पाच-सहा वेळा त्यानं बटण दाबलं. मग म्हणाला, आजोबा, आता बरोबर आलं, काय बघितलंत? मी सांगितलं नाही. फोटो सोबत आहे. चालण्यासारखा असला तर घे. मागे कुठेतरी नको. पुढे घे.

मामा


२ मार्च

मामा,

फोटो घेतला. पुढच्या ओळीत, उजवीकडून दुसरे. तुमच्या चेहऱ्याला मला काहीही करावं लागलं नाही, रंगसुद्धा नाही.

माफ केलं असं लिहायला बसले होते, लिहिता आलं नाही. मला ती संध्याकाळ आठवत नाही, ब्रश आठवतात. एवढी वर्षं मला वाटत होतं ती माझी तुमच्याकडची पहिली सुट्टी. पत्रं मात्र लिहीत जाईन. तुम्हीही लिहा, भात गॅसवर असताना लिहू नका.

आईचा फोटो फ्रेम करून घेतला. दुकानदार म्हणाला, चौकटी पुसून देतो, मशिनवर कळणारही नाही. मी तशाच ठेवल्या.

सिनेमा १० तारखेला लागतो आहे. तुमच्या चौकातही. तुम्ही जाऊन बघावं असं मी म्हणत नाही, आणि बघू नये असंही म्हणत नाही.

ठकू


१३ मार्च

चि. ठकू,

तीन दिवस घरातच होतो. दूध संपलं होतं, बिनदुधाचा चहा प्यायलो. आज जेवण झाल्यावर गेलो. कुलूप दोनदा बघितलं, अर्ध्या वाटेतून परत येऊन तिसऱ्यांदा बघितलं, मग गेलो.

थिएटर आता तसं राहिलं नाही, पण चौकट त्याच जागी आहे. पोस्टर भलंमोठं आहे. तू छान केलंस असं म्हणणार होतो, पण त्याला छान म्हणता येत नाही. ऊन डोक्यावर होतं, पोस्टरमध्येही डोक्यावर आहे. लोक चालता चालता थांबतात आणि मागे वळून बघतात, आपल्या मागे कोणी आहे का म्हणून. एक बाई आपल्या मुलाला दुसऱ्या हाताला घेऊन गेली. वीस पावलांवरून कळतं.

मी समोरच्या बाजूला उभा राहिलो. पहिल्यांदा फळवाल्यानं बघितलं, आधी वर, मग माझ्याकडे. मग त्यानं शेजारच्याला सांगितलं. मग तिकिटाच्या रांगेतली पाच-सहा माणसं वळली. कोणी काही वाईट बोललं नाही. एकानं विचारलं, आजोबा, ते तुम्हीच ना? मी हो म्हटलं. त्यानं काहीतरी हसण्यासारखं बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि मग रांगेकडे वळला. मी परत निघालो तेव्हा फुटपाथवर दोघं बाजूला झाले. मला वाट द्यायला झाले असतील. असतील, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

माझ्या मागून थिएटरचा मॅनेजर आला. हा नवीन आहे, तिशीचा असेल, सभ्य मुलगा. त्यानं मला ओळखलं होतं. म्हणाला, लोक तुमच्याकडे बघत होते, मला बरं वाटलं नाही. या वयात कशाला हा त्रास? तुम्ही म्हणत असाल तर तुमच्या तोंडावर तेवढा पांढरा कागद चिकटवून घेतो, बाकी पोस्टर राहील. शिडी आहेच. पाच मिनिटांचं काम आहे.

मी त्याला राहू दे म्हटलं.

पाच मिनिटांचं काम आहे, हे मला माहीत होतं, ठकू. तेव्हाही माहीत होतं.

मामा